रिझर्व्हला लावली आणि येझदी जाम झाली

विसर्जनानंतर दोन दिवसांनी हर्णैचा एक चाकरमानी टेम्पोत येझदी रोडकिंग घालून दापोलीला गॅरेजवर आला. "काका, आसूदचा चढ लागला तशी रिझर्व्हला लावली. भूक भूक करायला लागली म्हणून चोक ओढला, आणि थोड्या वेळात मागचं चाकच धरलं." गाडी त्याच्या वडिलांची. मे महिन्यात आगोटीच्या गडबडीत पाचेक लिटर पेट्रोल टाकीत तसंच ठेवून पडवीत लावलेली, ती थेट गणपतीत बाहेर काढली.

किक दगडासारखी. पिस्टन पकडलाय हे कळायला खोलावं लागत नाही. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक, त्याचं वंगण म्हणजे टू-टी ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पण ते त्याने मोजून घातलं होतं, लिटरला 40 मिली, आणि चार दिवस गाडी ठीक चालली होती. मग रिझर्व्हवरच का पकडला? म्हणून हेडला पाना लावण्याआधी टाकी उतरवली.

येझदीची टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे कॉकच्या, म्हणजे पेट्रोलच्या तोटीच्या, पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल कॉकमधून येत नाही. टाकी तिरकी करून दोन्हीकडचं लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढलं. दीड लिटरच्या आसपास निघालं. पाच मिनिटांत बरणीत दोन थर दिसले. वरचा तेलाच्या रंगाचा, हिरवट. खालचा निम्म्याहून जास्त, फिकट आणि किंचित धुरकट. ड्रॉपरने दोन्हींचा एकेक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. वाळल्यावर वरच्या थेंबाचा तेलकट डाग राहिला, खालच्याचा काहीच नाही. तिथेच उत्तर मिळालं.

ई-20 पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. टू-टी ऑईल मात्र पेट्रोलबरोबर वरच राहतं. कॉकची मुख्य नळी टाकीत उंच उभी असते, ती वरचा थर ओढते. रिझर्व्हचं भोक तळाशी. कॉक फिरवला त्या क्षणापासून इंजिनात इथेनॉल आणि पाणी जात होतं, तेल नाहीच. शिवाय एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक म्हणजे जेट. पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून तो थर गेला की मिश्रण फार पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, म्हणून गाडी भुकेली झाली. चोक ओढल्यामुळे कशीबशी चालली, तीही पूर्ण थ्रॉटलवर, चढावर, वंगणाशिवाय.

एवढं पाणी आलं कुठून? किनाऱ्यावर सगळे दमट हवेला दोष देतात. माझ्या मते हवेतून येतं ते थोडं आणि सावकाश. इथे टाकीच्या झाकणाचा वायसर वाळून तडकला होता आणि पडवीच्या त्या कोपऱ्यात पागोळ्यांचं पाणी उडत होतं. झाकणाच्या कडेला गंजाचा ओघळ स्पष्ट दिसत होता.

हेड काढलं, बॅरल सोडवायला अर्धा दिवस गेला. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम बॅरलच्या भिंतीला चिकटलेलं. मूळ बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, 65 मिमी, तो 0.50 मिमी ओव्हरसाईझ पिस्टनला मिळवून करावा लागला. इथे बरेच जण काम थांबवतात, ती चूक आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँककेसमधून जातं, म्हणजे ते पाणीही तिथूनच गेलेलं. केस उघडली तेव्हा बेअरिंगच्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके पडले होते. दोन्ही बेअरिंग आणि क्रँकचे ऑईल सील बदलले. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी आणि जेलीसारखा गाळ होता. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगून बसत नव्हतं. सुई, कॉकचे वायसर आणि झाकणाचा वायसर व्हायटॉन या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घातले, पेट्रोलची नळीही तशीच टिकणारी. साधं जुनं रबर पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. टाकीला आधी कोणी आतून कोटिंग केलं असेल तर तेही टॉर्च लावून बघा, काही कोटिंग इथेनॉलने सुटतात आणि पापुद्रे कॉकमध्ये अडकतात.

चांगल्या ई-20 वरही हवा-पेट्रोलचं गणित सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं. म्हणून मेन जेट पाच नंबर मोठा टाकला आणि स्लाईडच्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं. प्लग काळसर-तपकिरी आल्यावर थांबलो.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे कोणाला विचारत बसू नका, मोजा. खुणा असलेल्या काचेच्या नळीत तेल न घातलेलं 50 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घालून नीट हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर 10 वरून 20 च्या आसपास चढला, तर पेट्रोल ई-20. 15 वर थांबला, तर दहा टक्के. उघड्यावर करा, जवळ शेगडी किंवा विडी नको.

पुढच्या मे महिन्यासाठी त्याला हे सांगितलं: टाकी तिरकी करून पूर्ण रिकामी करायची, शंभर मिली टू-टी ऑईल आत घालून सगळीकडून फिरवायचं, कार्बोरेटरची वाटी उघडून पुसायची, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून किक हळूच चार-पाच वेळा मारायची. गणपतीत आला की नवं पेट्रोल, नवं मिश्रण. आणि रिझर्व्हला लावण्याआधी कॉकमधून अर्धी वाटी बाटलीत काढून उजेडात धरायची.