मूळ चित्राबरहुकूम : ठाण्यातल्या आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमच्या गाळ्यात चित्र आलं की आधी वरच्या ट्यूबलाइट बंद होतात, खिडकीवर काळा पडदा ओढला जातो आणि मगच चित्रावरचं कापड सोडलं जातं. दोन तऱ्हांचे उजेड एकाच वेळी कॅनव्हासवर पडले, तर चित्राची एक बाजू पिवळट आणि दुसरी निळसर येते. नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी ते पुरतं जुळत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आम्ही आज एवढं एकच काम करतो. चित्रकारांना आपली चित्रं ऑनलाइन विकता यावीत म्हणून त्या चित्रांचे फोटो काढतो. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो हे सगळं मागे सुटलं.

सुटलं म्हणजे काय, सुरुवात तिथूनच झाली. माझ्या सासऱ्यांचा नौपाड्यात फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या अर्जाचे फोटो, साखरपुडे आणि दिवाळीत घरच्यांचा एकत्र फोटो काढून घ्यायला येणारी कुटुंबं. मी अप्लाइड आर्ट शिकलेली, लग्नाआधी एका जाहिरात कंपनीत छपाईचे रंग तपासायचं काम करायचे. नवरा वडिलांच्या हाताखाली तयार झाला. दुकानात अधूनमधून ठाणे, डोंबिवली, अंबरनाथकडचे चित्रकार यायचे. प्रदर्शनाच्या अर्जाला, पत्रिकेला फोटो लागायचे म्हणून. ते काम कमी पैशांचं आणि वेळखाऊ, पण सासरे ते कधी परतवून लावत नसत. पोर्ट्रेटमध्ये मुरलेला त्यांचा हात होता. ‘चेहऱ्यावर चकाकी आली तर माणसाला हलवायचं नाही, दिवा हलवायचा,’ हे ते आम्हाला सांगत. चित्राच्या बाबतीतही तेच खरं आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि स्टुडिओची नेहमीची कामं थांबली. त्याच वेळी कलादालनंही बंद. ज्यांची चित्रं काळा घोड्याच्या किंवा कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनाच्या भिंतीवर लागायची, ते चित्रकार इन्स्टाग्रामवर आणि वेबसाइटवर विक्रीसाठी उतरले. तोवर फोटो ही अर्जासोबत जोडायची वस्तू होती. आता फोटो हेच दालन झालं. गिऱ्हाईक चित्रासमोर उभं राहणार नाही, मागेपुढे होऊन बघणार नाही. जे काही ठरवायचं ते मोबाइलच्या पडद्यावर. निर्बंध सैल झाल्यावर आमच्याकडे एका मागोमाग एक चित्रकार यायला लागले, आणि बहुतेकांची तक्रार एकच: चित्र पाठवलं, पण घेणाऱ्याने ‘फोटोतलं वेगळं दिसत होतं’ म्हणून परत केलं. एका ताईंच्या निसर्गचित्रातला राखाडी निळा कोणीतरी फोटोत मोरपिशी करून दिला होता. फोटोला भरपूर लाइक्स मिळाले, चित्र मात्र पुण्याहून परत आलं. येता-जाताना फ्रेमचा कोपराही दुखावला.

तिथून आमचं ठरलं. फोटो चित्राहून उजवा नको आणि डावाही नको. घेणाऱ्याने घरी खोकं उघडलं की त्याला तेच चित्र दिसलं पाहिजे. या कामाला पुरेशी जागा नौपाड्यात नव्हती. मोठ्या कॅनव्हासला दिवे लांब ठेवावे लागतात, म्हणून वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेतला. भिंतीला फिका राखाडी रंग दिला. रंगीत भिंत आपला रंग चित्रावर सांडते, हे एकदा कळलं की पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवरची गुलाबी झाक कुठून येते ते लगेच दिसतं. आम्ही कामाच्या वेळी कपडेही काळे किंवा राखाडीच घालतो.

दिव्यांवर आम्ही सर्वांत जास्त खर्च केला, कॅमेऱ्यावर नाही. बाजारातल्या स्वस्त एलईडीचा उजेड डोळ्याला पांढरा वाटतो, पण त्यात गडद लाल बहुधा कमी असतो. त्यामुळे कुंकवाचा लाल विटकरी होतो, गेरू मेल्यासारखा दिसतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय हा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, जास्तीत जास्त १००. तो ९५ किंवा त्याहून जास्त असलेलेच दिवे आम्ही वापरतो. दोन बाजूंना दोन दिवे, चित्राशी ४५ अंशांत, दोन्ही सारख्या अंतरावर. मग चारही कोपरे आणि मध्यभाग असा पाच ठिकाणी उजेड मोजायचा आणि माप एकसारखं येईपर्यंत दिवे मागे सारायचे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून दिवा जवळ असेल तर चित्राची जवळची कड उजळते आणि दूरची झाकोळते. आकाश रंगवलेल्या चित्रात ही झाकोळ ढगासारखी दिसते आणि चित्रकाराने न काढलेला ढग विकला जातो.

कॅमेरा चित्राला समांतर आहे की नाही हे नजरेने ठरवू नये. आम्ही चित्राच्या मध्यावर एक छोटा सपाट आरसा टेकवतो. आरशात लेन्स बरोबर मधोमध दिसली की कॅमेरा सरळ आहे. तसं झालं नाही तर चौकोनी चित्र एका बाजूला निमुळतं येतं. ते संगणकावर ओढून ताणून चौकोनी करता येतं, पण मग आतली माणसंही ताणली जातात. यानंतर चित्राशेजारी २४ चौकटींचं रंगपट्टीचं कार्ड ठेवून एक फोटो, मग कार्ड काढून दुसरा. त्या कार्डावरचे रंग ठरलेले असतात, त्यामुळे कॅमेऱ्याने कुठे काय फिरवलं ते संगणकाला मोजता येतं.

तैलचित्रांनी आमची खरी परीक्षा घेतली. व्हार्निश लावलेला काळा रंग म्हणजे जवळजवळ आरसाच. शिवाय सुरीने जाड रंग लावला असेल तर प्रत्येक उंचवट्यावर पांढरा ठिपका चमकतो. यावर उपाय आहे. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी फिल्म लावायची, लेन्सवर पोलरायझर चढवायचा आणि तो फिरवत दिव्यांच्या फिल्मशी काटकोनात आणायचा. चकाकी जवळजवळ सगळी निघून जाते, खालचा रंग मोकळा होतो. यात बराच उजेड गिळला जातो, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट हवा आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. पहिल्यांदा हे पाहताना अंगावर काटा येतो, इतके रंग खोल दिसतात.

पण हीच यातली मेख आहे. चकाकी पूर्ण मारली की रंग प्रत्यक्षापेक्षा गडद येतात आणि तैलरंग पोस्टरसारखा सपाट दिसतो. एक ज्येष्ठ चित्रकार, आम्ही त्यांना काका म्हणतो, अशा फोटोकडे बघून म्हणाले, ‘सुनबाई, रंग माझे आहेत, पण तेल कुठे गेलं?’ तेव्हापासून आम्ही लेन्सवरचा पोलरायझर थोडा सोडून ठेवतो. ब्रशचे फटकारे दिसतील एवढी चमक राहू देतो. सोन्याचा वर्ख असलेल्या तंजावर शैलीच्या चित्रांत तर पोलरायझर पूर्ण फिरवला की सोनं काळं पडतं, कारण सोनं दिसतं तेच मुळी चमकेमुळे. तिथे दोन फोटो काढतो, एक रंगांसाठी आणि एक पांढऱ्या पुठ्ठ्याचं प्रतिबिंब सोन्यावर पाडून, आणि दोन्ही एकत्र जुळवतो. कोबाल्ट निळ्याचंही असंच. त्यातला डोळ्याला जेमतेम जाणवणारा अतिगडद लाल भाग कॅमेऱ्याला दिसतो आणि निळा जांभळट होतो. तो रंग हाताने, मूळ चित्र शेजारी ठेवूनच दुरुस्त करावा लागतो.

वारली चित्रांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते काम मला सर्वांत जवळचं आहे. डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा भाग २०१४ पर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता, आता पालघरमध्ये आहे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कुडाच्या भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र भिंतीवरून सुटं झालं म्हणूनच आज ते दूरच्या गावी विकलं जाऊ शकतं. पण त्याचा फोटो काढणं सोपं नाही. कॅमेऱ्याला सगळीकडे गेरूचा गडद तपकिरी दिसतो, म्हणून तो आपणहून उजेड वाढवतो. परिणामी गेरू नारिंगी होतो आणि तांदळाच्या पिठाच्या बारीक रेषा फुगतात, तारपा वाजवणाऱ्याचं बोट न् बोट एकमेकांत मिसळतं. वर आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा करतो ती रंगदुरुस्ती, एवढा लाल बघून बिचकतो आणि निळ्याकडे झुकतो. म्हणून इथे काहीच आपोआप ठेवायचं नाही. उजेड राखाडी कार्डावर मोजायचा, व्हाइट बॅलन्सही त्यावरच ठरवायचा. शेणाने सारवलेल्या कापडाचा पोत दाखवायला शेवटी एक फोटो वेगळा काढतो, एकच दिवा अगदी कडेने, चित्राला घासून जाईल असा. तो फोटो मुख्य म्हणून वापरायचा नाही, पण विक्रीच्या पानावर असायलाच हवा. हे हाताने केलेलं आहे, छापलेलं नाही, हे घेणाऱ्याला त्यातून पटतं.

सगळ्यांनाच आमच्याकडे येणं परवडत नाही आणि ते यावेत असा आमचा हट्टही नाही. विद्यार्थ्यांना आम्ही फोनवर जे सांगतो ते इथेही सांगते. मोबाइलने काढा, पण घरातले दिवे बंद करून आणि सावलीतल्या खिडकीजवळ. मळभाचा दिवस सर्वांत चांगला. पावसाळ्यात ठाण्यात तो उजेड फुकट आणि मुबलक असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही हे पुस्तकात वाचून डोळे झाकून विसंबू नका. आपल्याकडे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, मे महिन्यात तिथूनही तिरीप येते. चित्राच्या अगदी जवळ जाऊ नका. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते, कडा फुगतात. दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम करा. पडद्यावर ग्रिड चालू ठेवा, फिल्टर आणि ब्यूटी मोड बंद. काचेची फ्रेम असेल तर काच काढा, तुमचंच प्रतिबिंब विकायचं नाहीये. आणि फोटो व्हॉट्सॲपने पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

फाइल देताना आम्ही दोन देतो. वेबसाठी एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगपद्धतीत, लांब बाजू २००० पिक्सेलची. छपाईसाठी मोठी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६००० गुणिले ४००० पिक्सेल येतात, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर २० इंच रुंदीपर्यंत स्वच्छ प्रिंट. त्याहून मोठी प्रिंट विकायची असेल तर चित्राचे तुकड्यातुकड्याने फोटो काढून जोडतो. एक गोष्ट मात्र आम्ही करत नाही. दिवाणखान्याच्या तयार चित्रात तुमचं चित्र चिकटवून द्या, अशी मागणी फार येते. त्या बनावट भिंतीवर दीड फुटाचं चित्र चार फुटांचं वाटतं. त्याऐवजी आम्ही आमच्या भिंतीवर चित्र टांगून शेजारी साधी लाकडी खुर्ची ठेवतो आणि खरा फोटो काढतो. खुर्ची केवढी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. यामुळे काही कामं हातची गेली, तरी आमचा विचार बदलला नाही.

बिलावर हक्कांची ओळ पहिल्यापासून आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणाराच ठरतो, आणि चित्रावरचा चित्रकाराचा हक्क तर वेगळा असतोच. तरीही आम्ही लिहून देतो: चित्र तुमचं, फोटोही तुमचा, तुमच्या परवानगीशिवाय आम्ही तो कुठेही लावणार नाही. आपल्या चित्राची छबी भलत्याच कपावर आणि उशीवर छापलेली बघून खचलेले चित्रकार आम्ही पाहिले आहेत.

आज आम्ही चौघं आहोत. नवरा कॅमेऱ्यामागे, मी रंगजुळणीला, आणि दोघी मुली ज्या आमच्याकडेच शिकून तयार झाल्या. मोठे कॅनव्हास छोट्या हत्तीतून येतात, लहान रिक्षातून, एखादं लोकलच्या लगेज डब्यातूनही. पावसाळ्यात जलरंगाचे कागद दमटपणामुळे वळतात, म्हणून ते आधी दोन पाट्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवतो आणि मगच फोटो. फाइल देण्याआधी चित्रकाराला स्क्रीनसमोर बसवतो, शेजारी फोटो काढला त्याच दिव्यांत मूळ चित्र. तो ‘हो’ म्हणाला की काम संपलं, आणि ‘हिरवा अजून थोडा कोरडा आहे’ म्हणाला की परत बसायचं. सासरे अजून येतात, जुळणीच्या वेळी मागे उभे राहतात, आणि त्यांचं मत आम्ही विचारतोच.

सध्या सगळी मेहनत चाललीय ती फिरत्या संचावर. जव्हारकडच्या कलाकारांनी एसटीने चित्रं घेऊन यायचं आणि जुळणीसाठी दिवसभर थांबायचं, हे त्यांना जड जातं. म्हणून घडी होणारे दोन स्टँड, बॅटरीवर चालणारे दिवे, काळं कापड, रंगपट्टी आणि आरसा एवढं एका गाडीत मावेल असं आम्ही जमवतोय. बॅटरी उतरायला लागली की दिव्यांचा रंग किंचित बदलतो, तेवढं अजून सुटायचंय. ते सुटलं की दिवाळीआधी पहिली फेरी तिकडे.