शून्य कामाची फेरी

बारावीच्या फिजिक्समध्ये एक प्रश्न मुद्दाम पोरांना पाडायला ठेवलेला असतो. एकाच समविभव पृष्ठभागावर, म्हणजे जिथं सगळीकडं विभव (व्होल्टेज) सारखंच असतं तिथं, अमुक कूलॉमचा विद्युत प्रभार तमुक सेंटिमीटर सरकवला, तर कार्य किती? आकडे दिसले की पोरं गुणाकाराला लागतात. उत्तर शून्य. प्रभार गुणिले विभवांतर म्हणजे कार्य, आणि इथं विभवांतरच नाही. अंतराला विचारतो कोण!

आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फिरताना हे जास्त पटतं. वारा पडल्यावर तलावाचं पाणी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा समविभव पृष्ठभागच. तसं नसतं तर पाणी उताराकडं धावलं असतं. धातूच्या गोळ्यावरचे प्रभारही एकमेकांना रेटत, पृष्ठभागालगत कसलीच ओढ उरत नाही तोवर सरकत राहतात. मग विद्युत क्षेत्र पृष्ठभागाला काटकोनात उभं राहतं. आडवं जाणाऱ्याला ते ना ओढतं, ना अडवतं. प्रभार मध्येच पृष्ठभाग सोडून उंडारून आला, तरी त्याच विभवावर परतला की क्षेत्राच्या वहीत बाकी शून्य. जाताना दिलेलं येताना वसूल.

माझे गुडघे ही वही मानत नाहीत. बायको तर त्याहून पुढची: "मग चादरींचे गठ्ठे सपाट रस्त्यानं ओढणाऱ्यानं मजुरी मागायची नाही का ओ?" मागायची की! घर्षण आणि स्नायूंची खाती वेगळी.

या शून्याच्या भरवशावर लोक जीवही टाकतात बरं. सोलापूर-रायचूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी 31 डिसेंबर 2013 ला सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. अशा अतिउच्च दाबाच्या चालू तारेला थेट हात लावून दुरुस्ती करायची एक पद्धत आहे. कामगार धातूचे तंतू विणलेला पोशाख घालतो, जमिनीपासून तुटतो आणि आधी स्वतःला तारेच्या विभवावर आणतो. मग तारेवर हात कुठंही सरकवा, अंगातून जायला प्रवाहाला कारण नाही. मनोऱ्याच्या लोखंडापासून मात्र लांबच राहायचं.

त्या पोशाखाच्या कापडाचा एखादा तुकडा मिळाला तर इथल्या जुन्या चादरवाल्याला दाखवायचाय. किलोव्होल्ट राहू देत, तो चिमटीत धरून आधी सुताचा काउंट, म्हणजे सूत किती बारीक, ते विचारणार.