कालाकुंडची पाटी आणि निळी फिल्म

टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्ही कालाकुंड स्टेशनच्या पाटीचे. जागा तीच, ऊन तेच, मध्ये फार तर दहा मिनिटं गेली असतील. पहिल्यात 'कालाकुंड' ठसठशीत वाचता येतं. दुसऱ्यात पाटी आहे, खांब आहेत, मागचा डोंगर आहे, नाव मात्र नाही. अगदी नाक लावून पाहिलं तर काळपट पाटीवर काळी अक्षरं असल्याचा भास होतो, तेवढंच.

हे कसं झालं ते सांगायचं तर नोकरीपासून सुरुवात करावी लागेल. इंदूरच्या एका दवाखान्यात मी बावीस वर्षं एक्स-रे काढते. त्यातली पहिली दहा-बारा डार्करूममध्ये गेली. फिल्म हँगरच्या चार चिमट्यांत अडकवायची, डेव्हलपरच्या टाकीत सोडायची, तांबड्या दिव्यासमोर उचलून हाडं उमटली का बघायचं, मग पाणी, मग फिक्सर. पुढे सगळं डिजिटल झालं आणि त्या खोलीत फायलींचे गठ्ठे आले. मुदत संपलेल्या फिल्मचे दोन डबे टाकून द्यायला काढले होते, ते मी विचारून घरी आणले. एक निळ्या जातीचा, एक हिरव्या. फिल्म ज्या कॅसेटमध्ये ठेवायची, तिच्यात एक्स-रे पडले की उजळणारे पत्रे, म्हणजे स्क्रीन, असायचे. जुने निळे उजळायचे, नंतरचे हिरवे, म्हणून फिल्मही दोन जातींच्या: निळीला निळंच दिसतं, हिरवीला हिरवंही. तांबडं दोघींनाही दिसत नाही. म्हणून तर आम्हाला तांबडा दिवा लावून काम करता यायचं.

निळी फिल्म हातात घेतली की मला जुने नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ आठवतात. आमच्याच इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करताना, १८७४च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तेव्हा फिल्मच्या जागी कोलोडिअन नावाच्या चिकट रसायनाचा थर दिलेली काच, म्हणजे प्लेट, ओली असतानाच वापरायचे. तिला जवळजवळ फक्त निळं आणि जांभळंच दिसायचं. जुन्या फोटोंत आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं आणि विटांची भिंत काळीकुट्ट का असते, याचं उत्तर एवढंच आहे. १८७३ साली जर्मनीत फोगेल या रसायनशास्त्रज्ञानं प्लेटच्या रसायनात रंग मिसळला आणि तिला हिरवंही दिसू लागलं. तांबडं दिसणाऱ्या प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडलं.

आणि त्याच १८७०च्या दशकात आमची रेल्वे घाट उतरत होती! तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, त्यातून खंडवा-इंदूर मीटर गेज झाली. पाताळपाणी ते कालाकुंड हा तिचा सर्वांत अवघड तुकडा, चढ चाळीसाला एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. लहानपणी मीनाक्षी एक्सप्रेसनं अकोल्याला आजोळी जायचो. परत येताना कालाकुंडला गाडीला मागून आणखी एक इंजिन लागायचं. तो धक्का बसला की आई पिशवीतून पैसे काढायची आणि बाबा खाली उतरून पानातला कलाकंद आणायचे. २०२३मध्ये महूच्या पुढची मीटर गेज बंद झाली. नवी ब्रॉडगेज हा घाट टाळून वेगळ्या वाटेनं जाणार आहे. साडेनऊ किलोमीटरचा हा तुकडा तेवढा हेरिटेज गाडीसाठी राहिला. म्हणून मला हे स्टेशन त्याच्या जन्माच्या वेळच्या डोळ्यानं बघायचं होतं.

कॅमेरा म्हणजे बिस्किटांचे पत्र्याचे चार डबे, आतून काळा रंग दिलेले. समोर शीतपेयाच्या कॅनचा पातळ पत्रा, त्याला सुईच्या टोकानं पाडलेलं साधारण ०.४ मिलिमीटरचं भोक, वर काळ्या चिकटपट्टीची झडप. प्रत्येक डब्यात चार बाय पाच इंचांचा एकच तुकडा. दोन निळे, दोन हिरवे. पावसाळा सरता सरता भाचीला घेऊन निघाले. गाडीत बसायला जागा मिळेपर्यंत इतकी रेटारेटी झाली की एका बिस्किटांच्या डब्याचं झाकण सैल झालं आणि एक हिरवा तुकडा उजेड लागून तिथेच वाया गेला. उरले तीन.

दोन पाटीवर खर्च केले. तिसऱ्या, निळ्या तुकड्यासाठी गार्डसाहेबांना विनंती केली. ते दोन्ही झेंडे हातात घेऊन उभे राहिले. शेजारी कलाकंदवाले काका होते, तेही आले. मी झडप काढली. मोठ्यांदा आकडे मोजायला लागले. चारावर काकांनी ओठ न हलवता विचारलं, "दीदी, साँस ले सकते हैं?" भाची हसली, मी आकडा चुकू दिला नाही. बारा झाल्यावर झडप लावली.

एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी रसायनाचा थर असतो. ओली असताना ट्रेमध्ये नुसती सरकली तरी ओरखडा येतो. म्हणून मी आपली सवयीची पद्धत धरली: छोटे हँगर आणि उभी टाकी. डेव्हलपर नेहमीच्या कितीतरी पट पातळ केला, नाहीतर हाडांसारखं नुसतं काळं-पांढरं येतं, मधले करडे मरतात. रात्री बाथरूममध्ये तांबड्या दिव्याखाली पहिली पाटी वर उचलली तेव्हा अक्षरं उलटी, फिकट, पण स्वच्छ होती. हिरव्या फिल्मला पिवळं उजळ दिसतं. निळी उचलली तर पाटीच्या जागी कोरी काच. पिवळ्या रंगातून निळा प्रकाश जवळपास परतच येत नाही, त्यामुळे तिच्या लेखी पिवळं काय आणि काळं काय. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. तरी हँगर हातात धरून मी बराच वेळ उभी राहिले.

गार्डसाहेबांचा फोटो सर्वांत सुंदर आलाय. लाल झेंडा काळा, हिरवाही गडदच. कुठला थांब म्हणतोय आणि कुठला जा, ते ओळखता येत नाही. मागचं आभाळ पांढरंफेक. काकांचे पाय रुतवल्यासारखे ठाम आहेत. हातातलं पान तेवढं थरथरलंय, त्यामुळे कलाकंदाच्या जागी धुकट पांढरा ठिपका उमटलाय.

फिल्म थेट कागदावर ठेवून त्याच्या दोन प्रती, कॉन्टॅक्ट प्रिंट, काढून वाळवल्यात. पुढच्या रविवारचं तिकीट मिळालं तर दोघांना नेऊन देणार आहे. एक हिरवा तुकडाही बरोबर घेईन, झाकणाला या वेळी दोरी बांधून.