मति, नीति आणि माझी घाई

मुद्रितशोधनाच्या कामासाठी पुण्यातल्या एका प्रकाशनाने परीक्षा म्हणून पाठवलेली बारा पानांची प्रुफं मी दोन दिवसांत तपासून दिली. आठवड्याने उत्तर आलं: नियम येतात, नजर बसलेली नाही. एम. ए. मराठी झालेलं, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम तोंडपाठ, आणि तरी हे! नजर बसवायची तर रोज चुकांचा मजकूर हवा. जिंतूरसारख्या गावात तो आणायचा कुठून? दुकानांच्या पाट्या होत्या म्हणा, पण त्यांच्यावर लाल पेन चालवता येत नाही. मग मराठी विकिपीडियावर खातं उघडलं.

तिथली परिभाषा पहिल्याच दिवशी आवडली. सरावाच्या पानाला धूळपाटी, गप्पा आणि भांडणांच्या जागेला चावडी, आपोआप फेरफार करणाऱ्या प्रोग्रामला सांगकाम्या. रोज सकाळी एक लेख घ्यायचा, तोही लहान, असं ठरवलं. आधी हात न लावता मोठ्याने वाचायचा, मग धूळपाटीवर दुरुस्त करायचा, झलक पाहायची आणि मगच मूळ पानावर जतन करायचं.

पहिले काही आठवडे वेलांट्या आणि उकारांत गेले. परिक्षा, आशिर्वाद, दिपावली. कवी दीर्घ, पण कविसंमेलनात ऱ्हस्व; गुरूचं तेच, गुरुकुलात त्याचा उकार आखडतो. 'सन १९५६ साली' तर इतक्या वेळा भेटलं की मी त्याला 'पिवळा पीतांबर' असं नावच ठेवलं. हिंदीतून आलेल्या लेखांत वाक्याच्या शेवटी दंड उभे असत, ते काढून पूर्णविराम द्यायचे. या कामाला डोकं लागत नाही, डोळे लागतात.

एका लेखात 'किनाऱ्यावर' हा शब्द चार ठिकाणी डोळ्यांना दिसत होता, शोधला तर दोनच सापडत. तासभर गेला. शेवटी कळलं की हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, यंत्राच्या लेखी वेगळा. 'ॲ'चंही तसंच: कुणी एकसंध अक्षर टाइप करतं, कुणी अ लिहून त्यावर चंद्र ठेवतं. छापील प्रुफावर ही भानगड कधीच कळली नसती. तेव्हापासून एखादा शब्द सगळीकडे बदलायचा असेल तर मी शोधावर विसंबत नाही, पान पुन्हा वाचते.

खरी परीक्षा यंत्राने भाषांतरित केलेल्या लेखांत होती. 'हे गाव त्याच्या आठवडी बाजारासाठी ओळखले जाते.' शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि मराठीही नाही. मी केलं, 'या गावचा आठवडी बाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.' खूश झाले, जतन केलं. दुपारी भाकरी थापताना लक्षात आलं, पंचक्रोशी मी कुठून आणली? मूळ वाक्याला आधार नव्हताच, पण ते अवघडलेलं असल्यामुळे निदान संशय तरी यायचा. मी ते इतकं गुळगुळीत केलं की खरंच वाटू लागलं. परत जाऊन पंचक्रोशी काढली आणि पुढे 'संदर्भ हवा'चा साचा, म्हणजे पुरावा मागणारी तयार खूण, लावला.

त्यानंतरची चूक मात्र चारचौघांत झाली. एका लेखात जोतीराव फुल्यांच्या १८८३ सालच्या लेखनातलं, मति, नीति, गति यांचं ते सर्वांना ठाऊक असलेलं अवतरण होतं. मी सगळ्या पहिल्या वेलांट्या काढून दुसऱ्या दिल्या, बदलाच्या सारांशात ऐटीत 'शुद्धलेखन' लिहिलं आणि चहाला उठले. येऊन पाहते तर बदल उलटवलेला. माझ्या चर्चापानावर एका जुन्या संपादकांचा निरोप होता: 'ताई, हे अवतरण आहे. या वेलांट्या लेखकाच्या आहेत, आपल्या नाहीत.'

कान लाल झाले. आपले नियम १९६२ चे, ते ऐंशी वर्षं मागे जाऊन लावायचे नसतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हात डोक्याच्या पुढे धावला, एवढंच. आणि लेखातल्या बदलांच्या इतिहासात ते माझ्या नावासकट कायम राहणार. छापखान्यात निदान प्रूफ फाडून टाकता येतं!

मग मी आधीच्या सगळ्या बदलांची यादी काढून बसले. आणखी दोन अवतरणं 'सुधारलेली' निघाली, एकात तर मी जुने अनुस्वार पुसले होते. माझे मीच उलटवले.

आमच्या तालुक्यातल्या एका गावाचा लेख नंतर हाती आला. भाषा स्वच्छ होती, फक्त एक काना राहिला होता. 'पूर्णा नदीकाठी' या दुव्यावर सहज टिचकी मारली तर भलतीच पूर्णा उघडली: सातपुड्यातून निघून चांगदेवजवळ तापीला मिळणारी. आमची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून येते, येलदरीला अडते आणि गोदावरीला मिळते. मजकुरात चूक नव्हती, दुवा चुकीच्या नदीत पडला होता. वेलांट्या मोजणाऱ्याला ती दिसली नसती. मला दिसली ती केवळ नळाला येलदरीचं पाणी येतं म्हणून. तेव्हापासून दुवेही उघडून पाहते. वेळ दुप्पट लागतो.

आठव्या महिन्यात त्याच प्रकाशनाकडे पुन्हा परीक्षा मागितली. या वेळच्या पानांत एक जुनं पत्र होतं, अनुस्वारांनी भरलेलं. त्याला हात लावला नाही; समासात पेन्सिलने लिहिलं, 'मूळ पत्राशी ताडून पाहावे'. एकूण दुरुस्त्या आधीपेक्षा कमी झाल्या, समासातले प्रश्न वाढले. काम मिळालं. पानामागे किती, ते विचारू नका.