‘द सी डेव्हिल्स’चं परीक्षण: सहा भाग, तीन फेऱ्या

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ पासून पुन्हा नव्याने सुरू झाली. अशा मालिकेतल्या एका गोष्टीवर मराठीत लिहायचं तर आधीचा सगळा इतिहास सांगत बसायचं का, हा प्रश्न पहिल्याच ओळीला आडवा येतो. मी सांगत नाही. कालप्रवास करणारा परग्रहवासी, त्याचं ते निळ्या पेटीसारखं यान, आणि मरायला टेकला की त्याला मिळणारं नवं शरीर (म्हणजे नवा नट), एवढ्यावर भागतं. बाकी गोष्टीने स्वतःच्या पायावर उभं राहावं.

परीक्षणासाठी निवडली होती १९७२ ची ‘द सी डेव्हिल्स’: समुद्रातून वर येणारे प्राचीन सरपटणारे प्राणी, आणि त्यांना हाताशी धरणारा, तुरुंगातला एक खलनायक. लेखक माल्कम हल्क, दिग्दर्शक मायकेल ब्रायंट, डॉक्टरच्या भूमिकेत जॉन पर्टवी. किनाऱ्यावरच्या वाचकाला आत शिरायला यात आयतं दार आहे, ते म्हणजे समुद्रातला किल्ला. इंग्लंडच्या दक्षिणेला सोलेंटच्या सामुद्रधुनीत ‘नो मॅन्स लँड फोर्ट’ उभा आहे. फ्रेंच चालून येतील या धास्तीने एकोणिसाव्या शतकात बांधलेला, गोल आणि बुटका. किल्ल्यावरचं चित्रीकरण तिथे झालं. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सुरू झालेलं सिंधुदुर्गाचं बांधकाम ज्यांना ठाऊक आहे, हर्णैच्या बंदरातून ज्यांनी सुवर्णदुर्ग पाहिलाय, त्यांना अशा किल्ल्यावर चार माणसं अडकली आणि होडी गेली म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. परीक्षणाची पहिली दोन वाक्यं तिथेच मिळाली.

आता क्रम. पहिल्या फेरीत मी हातात पेन घेत नाही. गोष्ट सहा भागांची, प्रत्येक भाग साधारण २५ मिनिटांचा. २६ फेब्रुवारी ते १ एप्रिल १९७२, दर शनिवारी एक. माझी पहिली चूक इथेच झाली. मी सहाही भाग सलग पाहिले आणि वहीत पहिला शब्द लिहिला, ‘रेंगाळते’. तो शब्द अन्यायाचा होता. प्रत्येक भागाची सुरुवात आधीच्या भागाच्या शेवटाने होते, पकडापकडी आणि सुटका पुन्हापुन्हा होते, हे सगळं आठवडाभर थांबलेल्या प्रेक्षकासाठी आहे. सलग पाहिलं की तेच पाणी मिसळल्यासारखं लागतं. पुन्हा पाहताना रोज रात्री एकच भाग ठेवला. रेंगाळणं तरीही उरलं, पण दुसऱ्या-तिसऱ्या भागातल्या तुरुंगातल्या ये-जा करण्यापुरतं. सहा भागांची गोष्ट चारांत बसली असती, हे मत मी ठेवलं. ‘कंटाळवाणी’ मात्र खोडलं. १९७२ च्या डिसेंबरात हीच गोष्ट जोडून, कापून एकसंध रूपातही दाखवली गेली होती. म्हणून कोणती आवृत्ती पाहिली ते परीक्षणात लिहावंच.

भाग संपला की लगेच, मागे न बघता, दहा ओळी लिहायच्या. जे आठवतं तेच. जे आठवत नाही ते बहुधा परीक्षणात नसलं तरी चालतं. मला आठवलं ते असं: मागे सुरुंग पेरलेली वाळू, पुढे लाटांतून वर येणारं कासवाच्या चेहऱ्याचं शरीर, तुरुंगात बसून लहान मुलांची ‘क्लँगर्स’ पाहणारा खलनायक, डॉक्टर आणि त्या खलनायकाची तलवारबाजी, आणि ती चालू असतानाच डॉक्टरने खाल्लेलं सँडविच. आणि शेवटचा स्फोट. त्याच्याकडे नंतर येतो.

दुसऱ्या फेरीला वहीत तीन रकाने: घड्याळाची वेळ, पडद्यावर काय, आणि शंका. तिसरा रकाना मताचा करू नका. मत लिहिलं की डोळे त्याला पुरावे शोधायला लागतात. शंका लिहिली की उत्तर शोधावं लागतं.

माझ्या शंकांतली सगळ्यात मोठी चित्राबद्दल होती. पहिले तीन भाग किंचित मऊ, हलत्या वस्तूमागे पुसट फरफट. चौथ्यापासून चित्र एकदम स्वच्छ. मी जवळजवळ लिहून बसलो होतो की दिग्दर्शकाला अर्ध्यात सूर सापडला. कारण निराळंच निघालं. त्या काळी बीबीसी टेपा पुसून पुन्हा वापरायची. या गोष्टीच्या पहिल्या तीन भागांच्या मूळ टेपा उरल्या नाहीत; परदेशी विक्रीसाठी अमेरिकन पद्धतीत, म्हणजे ५२५ रेषांत, बदललेल्या प्रती कॅनडातून परत मिळाल्या. ब्रिटिश पद्धत ६२५ रेषांची, सेकंदाला ५० क्षेत्रांची (म्हणजे अर्ध्या चित्रांची). तिकडून इकडे दोनदा उलथापालथ झाली की हालचालीत फरफट येणारच. पुढच्या आवृत्त्यांत बरीच दुरुस्ती झाली आहे, पण जुनी प्रत हाती आली तर हा दोष छायाचित्रणाच्या माथी मारू नये.

दुसरा फरक खरोखर निर्मितीतलाच आहे. दाराबाहेरचं दृश्य १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, दाराआतलं स्टुडिओत व्हिडिओ टेपवर. पात्र उंबरठा ओलांडतं आणि चित्राचा पोतच बदलतो. त्या काळच्या ब्रिटिश मालिकांत हे सर्रास होतं. मी याला एक वाक्य दिलं. जास्त देण्यासारखं ते नाही.

आवाजासाठी वेगळी, तिसरी फेरी लागतेच, हे मला या गोष्टीने शिकवलं. संगीत माल्कम क्लार्कचं, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिविभागातलं, ‘सिंथी १००’ या अवाढव्य सिंथेसायझरवर केलेलं. जुलैचा पाऊस, वर पत्रा, आणि लॅपटॉपचा टिचभर स्पीकर. या तिघांच्या मेहेरबानीने मी लिहिलं, ‘संगीत म्हणजे नुसता गोंगाट’. खालचे स्वर पत्र्याने खाल्ले होते, उरली होती किरकिर. दोन दिवसांनी पाऊस उघडल्यावर, कानात इअरफोन घालून, पडदा झाकून फक्त ऐकलं. गोंगाट आहेच. पण तो विचार करून केलेला आहे: तिथे यंत्राचा आवाज कुठला आणि संगीत कुठलं हे मुद्दाम कळू दिलेलं नाही, त्यामुळे पाणबुडीतल्या प्रसंगांत भीती कुठून येतेय ते समजत नाही. जमिनीवरच्या साध्या पाठलागाला मात्र तेच संगीत चिकटवलंय आणि तिथे ते नकोसं होतं. आता हे परीक्षण झालं. आधीचं नुसतं डोकं दुखल्याची तक्रार होती. पावसाळ्यात लिहिणाऱ्यांनी आणखी एक करावं: लाइट गेली की पाहणं जिथे थांबलं ती वेळ लगेच टिपून ठेवावी. इन्व्हर्टरच्या भरवशावर राहून एक अख्खा भाग मला परत पाहावा लागला.

मुखवट्यांबद्दल. सी डेव्हिल्सचं डोकं नटाच्या डोक्यावर टोपीसारखं बसवलेलं आहे, नट बघतो ते मानेतून. म्हणून ते उंच दिसतात आणि मान वळवताना सगळं अंग वळवतात. अंगावर जाळीदार झगा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वाळूवर पसरलेली जाळी पाहणाऱ्याला तो झगा फार ओळखीचा वाटेल. ‘मुखवटा रबरी दिसतो’ हे वाक्य मी कधीच लिहीत नाही. दशावतारात संकासुर येतो तेव्हा त्याचा मुखवटा कापडी आहे हे मांडावर बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं, तरी ते आईला बिलगतं. प्रश्न मुखवटा खरा दिसतो का हा नाही; तो कसा आणि कुठून आणलाय हा आहे. लाटांतून येतो तेव्हा जमतं, कारण पाणी पाय ओढतं, चाल जड होते आणि ती जडपणाची चाल खरी असते. स्टुडिओच्या सपाट फरशीवर तोच मुखवटा उघडा पडतो. दोन प्रसंगांच्या वेळा देऊन हे दाखवता येतं, आणि दाखवावं.

विज्ञानाच्या चुका काढायचा मोह आवरावा, पण ही एक सोडवत नाही. हल्कनेच १९७० मध्ये ‘डॉक्टर हू अँड द सिल्युरियन्स’ लिहिली होती; माणसाआधी पृथ्वीवर राज्य करणारे आणि पुढे दीर्घ झोपी गेलेले सरपटणारे प्राणी, हे तिचं बीज. सी डेव्हिल्स त्यांचेच पाण्यातले भाऊबंद. सिल्युरियन कालखंड साधारण ४४ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा सरपटणारे प्राणी नव्हतेच. चूक लक्षात आणून दिली गेली असावी, कारण १९७२ मध्ये डॉक्टर स्वतःच म्हणतो की ते नाव चुकलं, ‘इओसीन’ म्हणायला हवं होतं. पण इओसीन सुरू झालं साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हे ‘पृथ्वीचे मूळ मालक’ आमच्या घाटापेक्षा लहान ठरतात, आणि तोवर डायनोसॉर संपलेले होते. आगीतून फुफाट्यात. मी याला चार ओळी दिल्या आणि गुण कापले नाहीत. गोष्ट कालगणनेवर उभी नाहीच.

मराठीचा पेच मात्र खरा. ‘डॉक्टर म्हणाला’ लिहिलं की मराठी कानाला उद्धट वाटतं. गावात डॉक्टर नेहमी ‘म्हणाले’च असतात. ‘म्हणाले’ लिहिलं की दवाखाना आठवतो. २०१७ च्या अखेरीस जोडी व्हिटेकर डॉक्टर झाली, तिच्या गोष्टींसाठी क्रियापदही बदलावं लागतं. आणि खलनायकाचं नाव ‘मास्टर’. घाईत वाचणारा ‘मास्तर’ वाचतो आणि छडी शोधतो. मी कथासारात एकेरी ठेवलं, आणि मास्टरच्या आधी पहिल्या दोन वेळा रॉजर डेलगाडो या नटाचं नाव जोडलं. ‘सी डेव्हिल्स’ भाषांतरित केलं नाही. गोष्टीत ते नाव किल्ल्यावरच्या, भीतीने वेडापिसा झालेल्या एका कामगाराच्या तोंडून येतं. ‘समुद्री सैतान’ केलं की तो भ्यालेल्या माणसाचा शब्द न राहता माझा निवाडा होतो, आणि ते सैतान आहेत की नाहीत हाच तर गोष्टीचा वाद.

कथासार दोनशे शब्दांच्या वर नको. ते नीट झालं का हे तपासायची माझी पद्धत: ज्यांनी मालिकेचं नावही ऐकलं नाही अशा कुणालातरी ते तोंडी सांगायचं आणि पहिला प्रश्न काय येतो ते लिहून घ्यायचं. शेजारच्या काकांनी सगळं ऐकून विचारलं, “पण ते इले खंयसून?” बरोबर. दीर्घ झोपेचा भाग मी गाळला होता. पात्रांत ट्रेंचर्डला जागा दिली, तुरुंगाचा प्रमुख, पूर्वी कुठल्याशा वसाहतीत गव्हर्नर राहिलेला. देशाच्या नावावर मास्टर त्याला सहज गुंडाळतो. अशा साहेबांच्या गोष्टी आपल्याकडे तिसऱ्या पिढीपर्यंत पोचल्या आहेत, त्यामुळे क्लाइव्ह मॉर्टनने त्याला दिलेला केविलवाणा रुबाब मराठी वाचकाला चटकन कळतो. रॉयल नेव्हीने चित्रीकरणाला दिलेली मदत, खरी जहाजं, पर्टवी स्वतः युद्धकाळात नौदलात होता, हे सगळं एका परिच्छेदात उरकलं. ती माहिती चवीपुरती.

आता तो शेवट. पाचव्या भागात डॉक्टर सी डेव्हिल्सच्या प्रमुखाला तहाला जवळजवळ राजी करतो, आणि नेमका तेव्हाच वॉकर नावाच्या, सतत काहीतरी खात असणाऱ्या सरकारी प्रतिनिधीच्या हुकमावरून वरून मारा सुरू होतो. विश्वास संपतो. सहाव्या भागात, जगभरच्या झोपलेल्या वसाहती जाग्या करणारं मास्टरचं यंत्र डॉक्टर पुरं करून देतो, ‘न्यूट्रॉन प्रवाहाची ध्रुवता’ उलटी करतो, आणि सी डेव्हिल्सचा समुद्रातला तळ फुटतो. ते वाक्य पुढे पर्टवीच्या डॉक्टरची ओळख बनलं. चाहते ते हसत म्हणतात. ज्या प्रसंगात ते आलं तो प्रसंग हसण्यासारखा नाही. १९७० च्या गोष्टीत सिल्युरियन्सचा तळ लष्कराचा ब्रिगेडियर उडवतो आणि डॉक्टर हादरतो. इथे बटण डॉक्टरच्याच हातात.

पहिल्या खर्ड्यात हे मला दिसलं नव्हतं, कारण शेवटचा परिच्छेद मी कथासारातून उचलून ठेवला होता: ‘अखेर तळ नष्ट झाला’. तळ आपोआप नष्ट झाल्यासारखा. दुसऱ्या खर्ड्यात केलं, ‘डॉक्टरला तळ नष्ट करावा लागला’. तेही सोयीचं, ‘लागला’ म्हटलं की कुणाला जाब विचारावा लागत नाही. सहावा भाग पुन्हा लावला, शेवटची काही मिनिटं आवाज बंद करून पाहिली, नुसते हात. मग वाक्य बदलून पाठवलं: डॉक्टरने तळ उडवला.