तुम्ही विचारलंत म्हणून: गावाला तो सिनेमा कळला का?

नागपूरचा माझा एक मित्र फोनवर तब्येत विचारायच्या आधी हे विचारतो. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टी नाटकांवर अभ्यास करायला येणारी पोरं चहा अर्धा झाला की विचारतात. "काका, तुम्ही गावात वेर्नर हेरझोगचा 'वॉयत्सेक' दाखवला म्हणे. लोकांना कळला का हो?" त्या 'का हो'मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं. मी हसतो आणि त्यांना आणखी एक बिस्कीट देतो. पण आता इतक्यांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकतो.

माझा धंदा आधी सांगायला हवा. वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये मी पंचवीस हंगाम प्रॉम्प्टर होतो. दिवाळी झाली की सुरू, होळीच्या आसपास बंद. मंचासमोरच्या खड्ड्यात बसायचं, वही मांडीवर, आणि रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत ओळीओळीनं पुढं ढकलायचं. नटाचा चेहरा मला खालून दिसतो आणि प्रेक्षक पाठीमागून ऐकू येतो. प्रेक्षक ऐकायची सवय तिथलीच. आता गावात झेरॉक्सचं दुकान आहे, पण कुणाचा प्रॉम्प्टर आजारी पडला की अजूनही बोलावणं येतं.

'वॉयत्सेक' मी पहिल्यांदा नागपुरात पाहिला, त्याच मित्राबरोबर. १९७९ चा जर्मन सिनेमा. एक गरीब शिपाई वॉयत्सेक, त्याची लग्नाविना बाई मारी, त्यांचं लेकरू. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तो कॅप्टनची दाढी करतो आणि एका डॉक्टरच्या प्रयोगासाठी नुसते वाटाणे खाऊन राहतो. हळूहळू त्याला आवाज ऐकू यायला लागतात. बाई एका रुबाबदार ड्रममेजरच्या नादी लागते. शेवटी तो तिला तळ्याकाठी नेऊन भोसकतो. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "भयंकर डिप्रेसिंग आहे यार." बाकीचेही तेच म्हणत होते: फार काळाकुट्ट, फार जड, पण वॉयत्सेकचं काम करणारा किन्स्की काय दिसतो! मला मात्र घरी येईपर्यंत भलतंच सुचत होतं. ह्याची गोष्ट तर आमच्या मंचावरची आहे. गरिबी, लेकरू, परका मर्द, संशय, सुरा. फक्त गाणी नाहीत.

शिवाय मागची हकीकत कळली तेव्हा तर मला ते लिहिणारं माणूस घरचंच वाटायला लागलं. मूळ नाटक गेओर्ग ब्यूखनरचं. हा वैद्यक शिकलेला पोरगा १८३७ मध्ये तेविसाव्या वर्षी तापानं गेला आणि नाटक अर्धवट राहिलं. प्रवेशांना आकडे नाहीत, कुठला आधी कुठला नंतर कुणाला ठाऊक नाही, शाई उडालेली. १८७९ मध्ये पहिल्यांदा छापणाऱ्यानं नावच चुकीचं वाचलं आणि 'वोत्सेक' छापलं. पानं सुटलेली वही घेऊन खड्ड्यात बसलेल्या कुठल्याही प्रॉम्प्टरला हे दुःख सांगावं लागत नाही. आणि हेरझोगनं तो सिनेमा आधीच्या सिनेमाचं शूटिंग संपल्यावर पाचेक दिवसांत सुरू केला आणि त्याच माणसांना घेऊन तेल्च नावाच्या गावात अठरा दिवसांत उरकला. आमच्याकडं चार दिवसांच्या तालमीत नाटक उभं राहतं, त्यामुळं अठरा दिवस मला ऐसपैसच वाटले.

तर दाखवायचं ठरलं. भाचीला सोबत घेऊन महिनाभरात सगळे संवाद मराठीत एका शंभर पानी वहीत उतरवले. लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या भाच्यानं प्रोजेक्टर दिला. जानेवारीतली रात्र, धान घरात आलेलं, बांधीत लाखोरीला निळी फुलं. समाजमंदिरापुढं पांढरं कापड बांधलं आणि मी माईक घेऊन बाजूला बसलो. पडद्यावरचा माणूस जर्मन बोलायचा, त्यावर मी मराठी ओळ द्यायचो. बाप्या, बाई, डॉक्टर, सगळ्यांची ओळ एकाच आवाजात, सपाट. प्रॉम्प्टर अभिनय करत नाही.

पहिली पाच मिनिटं फजितीची गेली. सुरुवातीलाच वॉयत्सेककडून कवायत करून घेतात, तो धावतो, दंड काढतो, एक बूट त्याला लाथा घालतो, आणि ते सगळं जरा वेगात पळवलेलं आहे. पोट्टे खदाखदा हसले. मागून एकच आवाज आला, "चूप राहा रे. रगडा आहे तो." आमचे फौजी मामाजी. सैन्यात शिक्षेच्या कवायतीला रगडा म्हणतात हे त्या दिवशी पोट्ट्यांना कळलं. हसू थांबलं ते थांबलंच.

मग वाटाणे आले. डॉक्टर वॉयत्सेकची नाडी बघतो, करारात नसताना भिंतीवर लघवी केली म्हणून त्याच्यावर ओरडतो, आणि प्रयोग चांगला चाललाय म्हणून खूश होतो. नागपूरच्या प्रेक्षकांना हा प्रसंग विनोदी वाटला होता, काहीजण मोठ्यानं हसले होते. आमच्याकडं बायांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली आणि वाढतच गेली. शेवटी एक म्हातारी मोठ्यानं बोलली, "आमच्या इकडं लाखोरीची दार खाऊन मान्साचे पाय गेले. याचं टकुरं गेलं. फरक का आहे जी?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लाखोरी, म्हणजे लाख, लाखोळी, ही आमच्या धानपट्ट्यातली डाळ. उभ्या धानातच टाकतात, धान कापलं की ओलीवर येते, पाणी मागत नाही, दुष्काळातही हात देते. पण महिनोन् महिने तिच्यावरच पोट भरलं तर पायांतली ताकद जाते आणि ती परत येत नाही. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. थोडी खाल्ली तर काही होत नाही, आम्ही सगळे खाऊन वाढलोय. पण ज्याला मजुरीत दुसरं काही मिळतच नव्हतं, तो 'थोडी' कुठून खाणार? त्या म्हातारीचा मोठा दीर काठी धरून रांगत चालायचा, ते मी लहानपणी पाहिलंय. तिला वॉयत्सेकचं वेड समजावून सांगायची गरज नव्हती. पुस्तकं वाचलेल्या माणसांना तो डॉक्टर म्हणजे विज्ञानाची टिंगल वाटतो. तिला तो मजुरी देणारा वाटला. ब्यूखनर जर्मनीतल्या गीसनला वैद्यक शिकला, तिथंच त्या काळी लीबिग हा मोठा रसायनशास्त्रज्ञ शिकवत होता. अन्न आणि शरीराचा हिशेब त्या पोरानं जवळून पाहिलेला असणार. म्हातारीला भेटला असता तर दोघांचं जमलं असतं.

कॅप्टन म्हणतो, तुझ्यात नीतिमत्ता नाही, तुझं पोर लग्नाबाहेरचं. त्यावर वॉयत्सेक म्हणतो की नीती पैसेवाल्यांना परवडते, आणि आम्ही गरीब स्वर्गात गेलो तरी तिथं गडगडाट करायच्या कामावर लागू. ही ओळ मी दिली तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. आमच्या नाटकात टाळी पडायची जागा मला माहीत असते. ही जागा मी वहीत खूण करून ठेवली नव्हती.

आता न आवडलेल्यांचं. कंपनीतला आमचा एक जुना नट आला होता, खलनायक करतो. त्याचं मत दुसऱ्या दिवशी दुकानात मिळालं, झेरॉक्सच्या पैशासह. "कॉमेडी नाई, लावनी नाई, दीड घंट्यात खेर खलास. तिकिटाचे पैसे कसे निघन जी?" खरंच, संपल्यावर दोघं-तिघं बसून राहिले होते, त्यांना वाटलं मध्यंतर आहे. पण पुढं तो जे बोलला ते मी कुठल्याही जाणकाराकडून ऐकलं नाही. "तो मानूस पहिल्या प्रवेशातच शेवटच्या प्रवेशाचं तोंड घेऊन आला. मंग मी पुढं का पाहू?" किन्स्कीबद्दल इतकं नेमकं मला सुचलं नसतं. तो पहिल्यापासूनच फुटलेला दिसतो. डोळे बाहेर आलेले, मान ताठ. माणूस फुटताना दिसला पाहिजे, ही त्याची तक्रार मला पटते. मारीचं काम करणाऱ्या एव्हा मॅटेसला कान महोत्सवात सहायक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, ते नटाला सांगितलं तर म्हणाला, "बरोबर आहे. तिले बदलता येते."

फौजी मामाजी मध्येच उठून गेले होते. कॅप्टनची दाढी चालू असतानाच. मला वाटलं रागावले, सैन्याची बदनामी वगैरे. तसं काही मंडळी म्हणालीच, की आपल्या गावातून पोरं भरतीला पळतात आणि हे असलं काय दाखवता. मामाजी तिसऱ्या दिवशी आले. आधार कार्डाची एक प्रत काढली, खुर्चीवर बसले, म्हणाले, "पुढं का झालं त्याचं?" मी सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी दोन साल सायबाचा सहायक होतो. बूट, वर्दी, सायबाच्या पोराची शाळा. साहेब बरा होता." मग म्हणाले, "त्याले छुट्टी काहून नाई देल्ली जी कोनी?" मी सिनेमा चार वेळा पाहिलाय, वही स्वतः लिहिली. पूर्ण गोष्टीत त्या माणसाला कुणी एक दिवसाची रजा देत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तो सतत धावत असतो, आणि कॅप्टन त्यालाच म्हणतो, हळू, हळू.

खरा वॉयत्सेक होऊन गेला, हेही मी मामाजींना सांगितलं. लाइपझिगमधला योहान ख्रिस्तियान वॉयत्सेक, शिपाईगिरी केलेला. १८२१ मध्ये त्यानं एका विधवेला भोसकून मारलं. क्लारुस नावाच्या डॉक्टरनं तपासून अहवाल दिला की हा शुद्धीवर होता, जबाबदार आहे, आणि २७ ऑगस्ट १८२४ ला भर चौकात त्याचं मुंडकं उडवलं. मामाजी म्हणाले, "एम.ओ. तसंच लिहिते." एम.ओ. म्हणजे पलटणीचा डॉक्टर. दोन रुपये ठेवून गेले.

आता ते सांगतो, ज्याच्यामुळं मी हा विषय आपणहून काढत नाही.

खुनाचा प्रसंग हेरझोगनं सावकाश केलाय. चित्र संथ होतं, किंचाळी ऐकू येत नाही, वर संगीत. मला देण्यासारखी ओळच नव्हती. मी माईक खाली ठेवला. गाव गप्प. मला आतून समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू, की बघा, कळला. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, त्यात कोर्टाचा माणूस म्हणतो की बऱ्याच दिवसांत इतका चांगला, सुंदर खून झाला नव्हता. ते मी वाचून दाखवलं आणि दिवा लागला.

बायांमधली एक तरुण सून, दोन लेकरांची, धाकटं कडेवर झोपलेलं, उठता उठता शेजारणीला म्हणाली. मला नाही, शेजारणीला. पण माईक चालूच राहिला होता आणि ती माझ्या अगदी जवळ होती, त्यामुळं सगळ्या समाजमंदिरानं ऐकलं. "कप्तानाचा गरा रोज याच्या वस्तऱ्याखाली होता. तवा हात नाई उठला. बाईवरच उठला."

मी माईक बंद केला. उशिराच.

दुसऱ्या दिवशी ती झेरॉक्सला आली नाही, कशाला येईल. मीच तिच्या सासऱ्याकडं बीजवाईचं निमित्त काढून गेलो आणि हळूच विषय काढला. ती चुलीपाशी होती, मान वर न करता बोलली, की काका, तो पैसे आणून द्यायचा हे खरं, पण आला तसा पळायचा, लेकराच्या तोंडाकडंही पाहत नव्हता; ती बाई कोणाशी बोलणार होती? मग म्हणाली, त्या ड्रममेजरचे कानातले घेतले तिनं, ते चुकलंच. पण मरायएवढं नाई चुकलं.

सासरे म्हणाले, चाय मांड.

पंचवीस हंगामांत बायको मारायचा प्रवेश मी किती वेळा दिला असेल, मोजलं नाही. संशयी नवरा, रडणारं लेकरू, सुरा, आणि वरून ऑर्गनचा सूर. ओळ मीच देतो, म्हणजे खुनाची सुरुवात दर रात्री माझ्याच तोंडून होते. मागून टाळी येते, बाया पदराला डोळे पुसतात, आणि मी टाळी मोजून पान उलटतो. त्याच नाटकात पहिल्या अंकात सावकार असतो, पाटील असतो, नवऱ्याला भर बाजारात जोड्यानं मारलेलं असतं. त्यांच्यावर सुरा कधी निघाला, आठवून पाहिलं. दोन नाटकं आठवली.

तेव्हा कळला का, हे मला विचारू नका. काहींना आवडला नाही. पोट्ट्यांपैकी निम्मे मध्येच मोबाईल घेऊन बाहेर गेले. सरपंच म्हणाले, पुढच्या वेळी काहीतरी हसायचं आणा. 'डिप्रेसिंग' हा शब्द मात्र कुणी वापरला नाही, त्या अर्थाचाही नाही. लाखोरी म्हणाले, रगडा म्हणाले, छुट्टी म्हणाले, वस्तरा म्हणाले.

त्याच फेब्रुवारीत एका कंपनीचा प्रॉम्प्टर तापानं पडला आणि मला बोलावणं आलं. जुनंच नाटक, वही तोंडपाठ. पहाटेचे साडेतीन, तिसरा अंक, नवरा सुरा घेऊन उभा, बायको पायाशी. ऑर्गनवाल्यानं सूर धरला. नटानं ओळीसाठी डोळे खाली केले. माझी ओळ आली नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. ऑर्गनवाल्यानं तोच सूर दोनदा फिरवला. मग मी ओळ दिली.

पडदा पडल्यावर नट खड्ड्याशी येऊन वाकला. "झोपले होते का जी?"

मी म्हटलं, हो.

त्यानं मला तंबाखूची पुडी दिली आणि चेहरा पुसायला गेला.