रुगर १०/२२ ची जुळणी : बॅरल बसलं, ट्रिगर बाकी

माझ्या रुगर १०/२२ या पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची) सेमी-ऑटो रायफलीला नवं बॅरल (नळी) आणि स्टॉक (दस्ता) बसवून झाले, दुर्बीण चढली आणि ५० यार्डांवरचे पहिले ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) कागदावर उमटले. आधी आकडे. फॅक्टरी बॅरलमधून एसके स्टँडर्ड प्लस काडतुसांचे पाच गोळ्यांचे ग्रुप इंचाच्या आसपास यायचे. त्याच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसं आता सरासरी अर्ध्या इंचात बसताहेत. मी खूश आहे. पण शेजारच्या बाकावर मित्राची सीझेड ४५७ ही बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल होती. दुकानातून आणली, दुर्बीण लावली, बाकी कशाला हात लावलेला नाही. तिचे ग्रुप माझ्यापेक्षा लहान आले, आणि आतापर्यंतचा तिचा खर्चही माझ्यापेक्षा कमी आहे.

मग जुळणी करायचीच कशाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी पॉइंट टू-टूचं काडतूस समजून घ्यायला हवं.

या काडतुसाचा प्रायमर (दारू पेटवणारा मसाला) तळाच्या कडेच्या आत भरलेला असतो, त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसाचा प्रायमर तळाच्या मध्यभागी असतो ते) रायफलला मानवेल तशी दारू आणि गोळी निवडून काडतूस तयार करतात. आपल्याला कारखान्यातून जो लॉट येईल तोच घ्यावा लागतो. मॅचची (स्पर्धेसाठीची) ४० ग्रेन वजनाची गोळी साधारण १,०७० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. एका गोळीच्या आणि दुसरीच्या वेगात ४० फुटांचा फरक पडला, तर १०० यार्डांवर जवळजवळ इंचभर वर-खाली होतं. ही चूक कितीही महागडा स्टॉक भरून काढू शकत नाही. म्हणून लोक आपली रायफल घेऊन ॲरिझोनातल्या मेसा इथल्या लापुआ या काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, एकामागून एक लॉट तपासतात आणि जो जुळेल त्याचीच पेटी उचलतात.

बॅरल आणि लॉट यांचं जमणं हाच या खेळाचा गाभा आहे. इथेच बोल्ट ॲक्शनला जन्मतः फायदा मिळतो. तिचं चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) घट्ट ठेवता येतं, इतकं की काडतूस आत गेल्यावर गोळी रायफलिंगला (नळीतल्या पीळदार खाचांना) टेकते. सेमी-ऑटोला दर वेळी स्वतःहून काडतूस आत ढकलायचं आणि रिकामं बाहेर फेकायचं असतं, म्हणून तिथे बहुतेकदा बेंट्झ नावाच्या मापासारखं थोडं सैल चेंबर ठेवतात. माझ्या बॅरलचंही तेच आहे. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं : फक्त लहान ग्रुप हवे असतील तर तयार बोल्ट ॲक्शन घ्या आणि उरलेले पैसे काडतुसांवर घाला.

तरीही १०/२२ जुळवण्यात जे शिकायला मिळतं ते तयार रायफलीत मिळत नाही. १९६४ साली आलेल्या या रायफलीचं बॅरल रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात बसतो त्या मुख्य सांगाड्यात) आट्यांनी घट्ट केलेलं नसतं. एक व्ही-ब्लॉक आणि दोन स्क्रू त्याला धरून ठेवतात. म्हणून एका वेळी एकच भाग बदलता येतो आणि त्याचा परिणाम कागदावर लगेच पाहता येतो. मी आधी स्टॉक बदलला. ग्रुप फारसा आकसला नाही, पण बॅरल तापल्यावर नेम सरकायचा ते थांबलं. मग बॅरल बदललं आणि खरी झेप तिथे मिळाली. दोन्ही एकदम बदलले असते तर कोणी काय दिलं हे कळलंच नसतं. बोल्टचं हेडस्पेस (बंद बोल्ट आणि बॅरल यांच्यात काडतुसाच्या कडेसाठी राहणारी जागा) मात्र गनस्मिथकडून तपासून घेतलं. काडतुसाच्या कडेची जाडी ०.०४३ इंचांच्या आसपास, तिथे अंदाजाला जागा नाही.

खर्चाचं म्हणाल तर बॅरल सुमारे २०० डॉलर, चांगला ट्रिगर सुमारे ३००, स्टॉक वेगळा, मूळ रायफल वेगळी. विकायला काढली तर यातलं फार थोडं परत येतं. मधला मार्गही आहे. सीझेड ४५७ चं बॅरल दोन स्क्रूंवर निघतं. बर्गारा बी-१४आर या दुसऱ्या बोल्ट ॲक्शनला रेमिंग्टन ७०० रायफलीचे स्टॉक आणि ट्रिगर चालतात. तयार घ्या, वर्षभर चालवा, मग हवं ते बदला. नवीन माणसाला मी हाच रस्ता सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार क्रमांक असलेला रिसीव्हर हीच बंदूक मानली जाते. तो परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. बाकीचे भाग साधारणपणे पोस्टाने घरी येतात, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, ते आधी पाहा. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींनी हे नीट लक्षात ठेवावं : वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो. भारतात परवान्याशिवाय घरी बंदूक जुळवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. पण काडतूस आणि बॅरल जुळण्याचा मुद्दा तिथेही तोच आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, तो प्रकारही याच पॉइंट टू-टूचा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पडून नेमबाजीची) विश्वविजेती झाली, तीही याच काडतुसावर. शाळेत असताना ती बातमी वाचली तेव्हापासून ही आवड मनात आहे.

पुढचं काम ट्रिगरचं. फॅक्टरीचा ओढायला सहा पौंडांच्या आसपास लागतो आणि गोळी सुटेपर्यंत नेम हलल्याचं दुर्बिणीतून दिसतं. टू-स्टेज (दोन टप्प्यांत ओढला जाणारा) ट्रिगर मागवला आहे, दोन पौंडांच्या आसपासचा. तो बसवल्यावर दुसरं काही बदलणार नाही : तोच लॉट, तेच अंतर, तोच बाक. नंतर लापुआचं सेंटर-एक्स आणि एली मॅच ही दोन काडतुसं एकमेकांसमोर लावीन. बेंट्झ चेंबरच्या १०/२२ मधून कोणी सेंटर-एक्स चालवलं असेल तर ५० यार्डांचे ग्रुप लॉट नंबरासकट कळवा, म्हणजे एकाच तक्त्यात मांडता येतील.